संबोधीला काय सांगायचंय

सांवेर
१२ जानेवारी २०२५

चि. धम्मा,

जयभीम. एप्रिलात महूला भेटलीस आणि मग गायबच झालीस. तुझा चांगदेव मामा अजून सांवेरलाच आहे म्हटलं, विसरली असशील तर.

तू म्हणशील, फोन का नाही केला. अगं, तोफखान्यात जन्म घालवला, कान तिथेच जमा करून आलो. फोनवर तू एक विचारणार, मी दुसरंच उत्तर देणार आणि तुझी मामी शेजारी बसून हसणार. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणशील तर रत्नपालने मला खानदानी ग्रुपमध्ये टाकलंय. तिथे एक ओळ लिहिली की नागपूरपर्यंतचे लोक अंगठे दाखवतात. ही गोष्ट ग्रुपची नाही. रत्नपाल नोकरीसाठी रोज इंदूरला अपडाऊन करतोच, त्याच्या डब्याच्या पिशवीतून हे पाठवतोय. उत्तर त्याच्याच हाती दे.

गोष्ट त्याच्या पोरीची आहे, माझ्या नातीची, संबोधीची. चार वर्षांची झाली. पळायला, चढायला एकदम फर्स्ट क्लास. पण बोलत नाही. मतलब, मुकी नाही. ‘दे’, ‘नाय’, ‘आबा’, ‘पानी’ असं एकेक टाकते, कधी मूडमध्ये असली तर दोन जोडते. समोरच्या घरातली ईशा तिच्याच वयाची, ती आपल्या डोक्याचं दही करते इतकं बोलते. आम्ही कान तपासून आणले. कान ठणठणीत आहेत.

परवा बालवाडीतून आली तर दंडावर कोणीतरी चावल्याची खूण. पुरे दात उमटलेले. तिच्या आईने, शिखाने विचारलं, मी विचारलं, तुझ्या मामीने मांडीवर घेऊन विचारलं, कोण चावलं गं? पोरीने हात हलवले, ‘तो... तो...’ केलं, तोंड लाल झालं, आणि मग पायरीवर जाऊन आपल्याच पायांकडे बघत बसली. धम्मा, तिला माहीत होतं. तिला सांगायचं होतं. तिला येत नव्हतं.

चावल्याचं काही नाही गं, पोरं चावतातच. मला भीती दुसरीच वाटते. उद्या खरंच काही वाईट झालं तिच्यासोबत, तर ही सांगणार कशी? हेच डोक्यात घेऊन बसलोय.

इंदूरच्या एका डॉक्टरने रत्नपालला सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा, पोरगी गोंधळतेय. आमचं तर तुला माहीत आहे, सकाळी मराठीत उठतो, हिंदीत भांडतो आणि शेतावर गेलो की मालवीत गप्पा. हे खरं का? आणि माझ्या कानांचं तिच्या जिभेला लागलं असेल का? तू इतकी वर्षं पोरांच्या बोलण्यावर रिसर्च करतेस, तर सांग. गोड करून सांगू नकोस.

तुझा,
चांगदेव मामा


विजय नगर, इंदूर
१६ जानेवारी

प्रिय मामा,

जयभीम. रत्नपालने पत्र दिलं तेव्हा मी एका तीन वर्षांच्या महाशयांना चित्र दाखवून विचारत होते की माकड काय करतंय. ते मला उलट विचारत होते की त्याची आई कुठे गेली. माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता. माझं काम हे असं चालतं.

तोफेचा आवाज रक्तातून नातीपर्यंत जात नाही, मामा. ते मनातून काढून टाका. आणि मराठी बंद करू नका. तो सल्ला ऐकला की माझं डोकंच फिरतं. दोन-तीन भाषांच्या घरात वाढल्याने मुलाचं बोलणं बिघडत नाही, हे खूप जणांनी तपासलंय, त्यात मीही आहे.

कशी आले यात, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. पीएच.डी.ला माझ्या सरांनी शब्दांची एक यादी हातात दिली, परदेशातल्या यादीचं भाषांतर. तीन वर्षांच्या मुलाला यातले किती शब्द येतात ते विचारून ये. मी जुन्या इंदुरात एका घरी जाऊन बसले. पोरगी माझ्या यादीप्रमाणे अगदी मागे. हातमोजा नाही, बर्फ पडणं नाही. पण तिथे बसल्या बसल्या तिने मला पोह्यांवर जिरावन मसाला टाकून दिला, आणि मांजरीला मराठीत, भावाला हिंदीत रागावली. माझ्या यादीत फक्त मराठी धरायचं होतं. म्हणजे एकच डबा उघडायचा आणि घरात धान्य नाही म्हणायचं. त्या दिवसापासून मी आपली यादी आपणच करायला लागले. ती अजून संपलेली नाही, आणि संपू नये असंच वाटतं.

संबोधीबद्दल मला खूप विचारायचंय. सांगितलेलं तिला किती कळतं? खोटं खोटं खेळते का? घरात सगळ्यात जास्त कोणाशी बोलते? सोबत एक छोटं रेकॉर्डर आणि खिशाचं जाकीट पाठवते. एक पूर्ण दिवस तिच्या अंगावर राहू द्या. टीव्ही मात्र बंद ठेवा, त्याच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही. संबोधीला मी माझ्या अभ्यासात धरणार नाही, घरची मुलगी आहे. पण ऐकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मामीला जयभीम.

तुमची,
धम्मदीना


सांवेर
२० जानेवारी

चि. धम्मा,

काल रविवारी रेकॉर्डिंग केलं. सगळे घरी होते. तुझ्या सूचनेचं शंभर टक्के पालन झालं, कुठे काही गडबड नाही. मशीन रत्नपालकडे दिलंय, जपून घे.

चावणारा सापडला. अंकुर नावाचं पोरगं, झोपाळ्यावरून भांडण झालं होतं. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं. म्हणजे बाईंनी सांगितलं, पोरीने नाही.

तुझ्या प्रश्नांचं असं. सांगितलेलं बरंच कळतं, पण लांबलचक सांगितलं की अर्धंच करते. ‘चप्पल ठेव आणि आजीला बोलाव’ म्हटलं की चप्पल ठेवते आणि उभी राहते. खेळते भरपूर. काल तिने एका विटेला पांघरूण घातलं आणि थोपटत बसली. मी बराच वेळ बघत होतो. विटेचं मूल करता येतं, मग ‘मूल झोपलं’ म्हणता का येत नाही? डोक्यात आहे तर जिभेवर का नाही? मला आता रिकाम्या वेळी हेच सुचतं.

कोणाशी जास्त बोलते म्हणशील तर मला काय सांगता येणार, मला ऐकूच येत नाही!

तुझा मामा


विजय नगर
२८ जानेवारी

प्रिय मामा,

विटेच्या मुलाने मला खूश केलं. असं खेळणं ही फार चांगली खूण आहे.

पण रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला काही सुचेना. कुकरच्या शिट्ट्या आहेत, कबुतरं आहेत, कोणाची तरी चप्पल फरफटतेय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाही माणसाने तिच्याशी एक धड वाक्य बोललेलं नाही. ती दोनदा ‘आबा’ म्हणाली. दोन्ही वेळा उत्तर नाही. दुपारनंतर तीही गप्प झाली.

मामा, गोड करून सांगू नकोस म्हणालात म्हणून सरळ विचारते. घरात काही भांडण आहे का? का तुमच्या कानांमुळे हळूहळू सगळ्यांनी बोलणंच सोडलंय? मी शेकडो घरांची रेकॉर्डिंग ऐकली, इतकं मुकं घर मी ऐकलेलं नाही. मूल कितीही हुशार असलं तरी त्याच्याशी कोणी बोललंच नाही, तर ते बोलणार कुठून? मामी दिवसभर तिच्यासोबत असतात ना? मग काय करतात?

राग मानू नका. पण हे बदलायला हवं, आणि लवकर.

धम्मदीना


सांवेर
३० जानेवारी

डॉक्टर धम्मदीनाबाई यांस,

भांडण? आमच्या घरात? अहो, ती शांतता मी ठेवली होती!

टीव्ही बंद ठेवा असं तुम्हीच लिहिलंत. टीव्हीचा आवाज चालत नाही तर माणसांचा कसा चालेल? मला वाटलं मशीनला फक्त पोरीचा आवाज पाहिजे, एकदम साफ. सकाळीच सगळ्यांना अंगणात उभं करून ऑर्डर दिली, आज दिवसभर तोंड बंद, काम असेल तर इशाऱ्याने. तुमच्या मामीने दूधवाल्याला बोटाने दाखवून दूध घेतलं. शिखाने माहेरचा फोन उचलला नाही. समोरच्या ईशाला लाडू देऊन घरी पाठवली. ट्रॅक्टरवाल्याला रस्त्यात गाठून सांगितलं, भिया, आज इधर से मत निकालो, इंदौर वाली मैडम का काम चल रहा है. त्याने बिचाऱ्याने पूर्ण गावाला वळसा घातला. रत्नपालला खोकला आला तर तो गोठ्यामागे जाऊन खोकला. एवढा बंदोबस्त मी साहेबाच्या इन्स्पेक्शनलाही केला नव्हता.

आणि तुम्ही लिहिता, मुकं घर.

मी पत्र मोठ्याने वाचतो, माझी सवय. तुमच्या मामीने ऐकलं. हातातली कणीक तशीच टाकून उठून गेली. म्हणाली, मी या पोरीशी बोलत नाही? माझं तोंड दुखतं संध्याकाळपर्यंत! जेवली नाही. मलाही ते वाक्य लागलं, धम्मा. ‘तुमच्या कानांमुळे’ हे.

पण एक सांग. ती दोनदा ‘आबा’ म्हणाली असं लिहिलंयस. ते मला ऐकू आलं नसणार. तिने रडून म्हटलं का साधंच?

मामा


विजय नगर
३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साधंच म्हणाली. काहीतरी दाखवायचं असावं, अशा आवाजात. रडली नाही.

तुमचं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की बाहेरून देवदत्त, माझा विद्यार्थी, बघायला आला. मग हसू गेलं आणि लाज वाटली. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना मी दम देते, एका दिवसाच्या आवाजावरून घराचा निकाल लावायचा नाही, आधी विचारायचं त्या दिवशी काय झालं होतं. आणि मामाच्या घराचा निकाल मी एका बैठकीत लावला. तुमचे कान मला माहीत होते, म्हणून कारण मला तयार सापडलं. माझं चुकलं, मामा. मामींना पत्रातून सॉरी म्हणणार नाही, स्वतः येऊन म्हणेन.

बरं, दुसरी चूकही माझीच. ‘टीव्ही बंद’ लिहिलं, ‘बाकी रोजच्यासारखं’ लिहिलंच नाही. कितीतरी घरांना मी हीच सूचना देत आलेय. आता मला खरंच शंका येतेय की अजून कोणाकोणाच्या घरी असा बंदोबस्त झाला असेल!

रेकॉर्डर परत पाठवते. या वेळी ऑर्डर अशी: भांडा. ईशाला बोलवा. ट्रॅक्टर जाऊ द्या. रत्नपालला अंगणात खोकू द्या. तुम्ही रोज जेवढे ओरडता तेवढे ओरडा.

२३ तारखेला रविवार आहे. मी येते, सोबत आमच्या स्पीच थेरपिस्ट संहिताताई असतील. संबोधीला आम्ही दोघी नीट तपासू.

तुमची,
धम्मदीना


विजय नगर
१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आता ऐकलं तुमचं घर. बाप रे! मामींचं बोलणं थांबतच नाही, भाजीशी पण बोलतात त्या. मी कान पकडते.

एक तुकडा लिहून पाठवते, तुम्हाला तो ऐकू गेला नसणार म्हणून.

संबोधी: आबा, भूभू.
तुम्ही: काय?
संबोधी: भूभू पानी.
तुम्ही: भूभूला पाणी पाहिजे?
संबोधी: नाय. भूभू पानी गिर.
तुम्ही: जोरात बोल, बेटा. पाण्यात पडला?
संबोधी: नाय! भूभू पानी गिराया! बालटी!

कुत्र्याने बादलीतलं पाणी सांडलं. चार वेळा बदलून बदलून सांगितलं तिने, आणि शेवटचं वाक्य त्या पूर्ण दिवसातलं सगळ्यात मोठं आहे. मी मग सगळं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, फक्त एवढ्यासाठी की ती कोणाशी किती लांब बोलते. शिखा आणि मामींना तिने तोंड उघडायच्या आधीच कळतं. तिने बोट केलं की वस्तू हातात. तुम्हाला कळत नाही, तुम्ही ‘काय?’ म्हणता आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबता. तुमच्यापाशी तिला मेहनत करावी लागते, आणि ती करते.

हे औषध नाही, मामा. एका घराची गोष्ट आहे, नियम म्हणून मी ती कोणाला सांगणार नाही. पण इतकी वर्षं मी घरोघर विचारत आले की आई किती शिकलेली, भाषा किती, भावंडं किती. ‘घरात कोणाला कमी ऐकू येतं का’ हे मला कधी सुचलंच नाही. आता जुनी रेकॉर्डिंग काढून बसणार आहे.

काही गोष्टींनी मला काळजीही वाटते. त्या पत्रात नको, रविवारी बोलू.

धम्मदीना


सांवेर
२६ फेब्रुवारी

चि. धम्मा,

तू आलीस, मामीच्या गळ्यात पडलीस, तिने तुला माफ केलं आणि वर डब्यात शेव पण दिली. म्हणजे पूर्ण माफ केलं.

तू आणि संहिताताईंनी सांगितलं ते मी कागदावर लिहून भिंतीला लावलंय. विकासात्मक भाषा विकार. कोणाच्या चुकीने नाही, मराठीने नाही, मोबाईलने नाही. प्रत्येक वर्गात एक-दोन पोरं अशी असतात आणि लोक त्यांना ढ म्हणतात. मेहनतीने बोलणं वाढेल, पण अडचण पूर्ण जाईलच असं नाही. अंगणात बसून सरळ सांगितलंस ते बरं केलंस. शिखा रडली, रत्नपाल मोबाईलमध्ये बघत राहिला, त्यात काही चालू नव्हतं हे मी पाहिलं.

मी ठीक आहे. तुम्ही चहा घेत होता तेव्हा मी गव्हाच्या पाण्याची मोटर पाहून आलो, ती पण ठीक आहे. फौजी माणसाला असं काही होत नसतं. माझी फिकर करू नकोस.

पण विचारतो, राग नको मानू. इतकी वर्षं रिसर्च करून तुम्ही लोक नाव देता. बरं का नाही करत?

मामा


विजय नगर
४ मार्च

प्रिय मामा,

राग नाही. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं.

का होतं, ते आम्हाला पूर्ण माहीत नाही. काही प्रमाणात घराण्यातून येतं, पण त्याचं एक असं बटण सापडलेलं नाही. इतर मुलं ऐकता ऐकता जे उचलतात ते या मुलांना उचलता येत नाही, शिकवून शिकावं लागतं. माझ्या पहिल्या अभ्यासात एक अभिराम होता. चौथ्या वर्षी अगदी संबोधीसारखा. आता कॉलेजात आहे. निबंध म्हटलं की अजून घाम फुटतो, लांब प्रश्न दोनदा वाचावा लागतो. पण क्रिकेटची मॅच सांगायला लागला की त्याला थांबवावं लागतं. तो बरा झाला का? मला माहीत नाही काय म्हणावं. तो सांगू शकतो, एवढं मला माहीत आहे.

आणि तुमचा प्रश्न तोच होता ना, पहिल्या पत्रात? काही झालं तर ही सांगणार कशी. मग आपण तेवढंच धरू. संहिताताई दर आठवड्याला जे करून घेतील ते घेतीलच. घरी हा खेळ करा. तुम्ही आणि संबोधी दोघंच कुठेतरी जा. परत आल्यावर तिने मामींना सांगायचं काय काय झालं. समोर असलेल्या वस्तूबद्दल बोलणं सोपं असतं, बोट करता येतं. जे समोर नाही, आणि जे ऐकणाऱ्याने पाहिलेलं नाही, ते शब्दांनीच आणावं लागतं. म्हणून मामींना खरोखर माहीत नसायला हवं. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तिने दोन शब्द टाकले तर मामींनी त्याचे चार करून तिला परत द्यायचे, चूक काढायची नाही.

जमेल? तुमचं गप्प बसणं ही मला सगळ्यात कठीण गोष्ट वाटते.

धम्मदीना


सांवेर
२० एप्रिल

चि. धम्मा,

कठीण आहे, भिया, फार कठीण. पोरगी दारात उभी राहते, ‘गये... गये...’ करते आणि पुढे गाडी बंद. मला इतकं होतं की सांगून टाकावं, अगं आपण बसस्टँडला गेलो, भजी खाल्ली! एकदा तोंडातून निघालंच तर मामीने लाटणं उचललं. एकदा संबोधीच चिडली, जमिनीवर लोळली, दोन दिवस माझ्यासोबत कुठे यायला तयार नाही. मी म्हटलं, जाऊ दे, कशाला पोरीला सतावायचं. मामी म्हणाली, सतावायचं, गोडीत सतावायचं.

मग परवा, ऐक. ‘टॅक्टर फस गया. काका धक्का. आबा धक्का.’ तीन तुकडे, आणि लाईनीत! मामी म्हणाली, अस्सं! ट्रॅक्टर फसला, मग काकांनी आणि आबांनी धक्का दिला? मग निघाला का? तर म्हणते, ‘नाय निकला.’ मामीला ट्रॅक्टर फसल्याचं खरंच माहीत नव्हतं, धम्मा. तिला या पोरीकडून कळलं. मामी मला म्हणते, पहिल्यांदाच हिने मला काहीतरी नवीन सांगितलं.

तुझ्या त्या जुन्या रेकॉर्डिंगचं काय झालं? माझ्यासारखे आणखी बहिरे सापडले का?

मामा


विजय नगर
१५ जुलै

प्रिय मामा,

सापडले! काही घरांत तुमच्यासारखंच, मूल बदलून बदलून सांगतं. पण काही घरांत उलटं, आजोबांना ऐकू येत नाही म्हटल्यावर मूल त्यांच्याकडे जायचंच सोडून देतं. म्हणजे कान हे कारण नाही. मग काय? तो माणूस थांबतो की नाही, तोंडाकडे बघतो की नाही, का हसून ‘हो हो’ करून टाकतो? आता हे कसं मोजायचं यावर आम्ही सगळे भांडतोय. खूप दिवसांनी असं भांडायला मजा येतेय.

संहिताताई म्हणाल्या संबोधी आता चार-पाच शब्दांची वाक्यं करते, निम्मी हिंदी निम्मी मराठी. ते चालेल, आपण सगळे तसेच बोलतो. पण गेलेल्या दिवसांचं अजून फारसं सांगत नाही, फक्त आत्ताचं आणि आजचं. वेळ लागेल. काळजी नको, खेळ चालू ठेवा.

धम्मदीना


सांवेर
७ सप्टेंबर

चि. धम्मा,

पोरीने माझी पूर्ण घरात इज्जत काढली, ते आधी ऐक.

आज रविवार, सगळे जेवायला बसलेले. मामीने तव्यावर मिरच्या परतल्या, असा ठसका उठला की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तर धारा लागलेल्या. संबोधी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आबा रोते.’ शिखा हसली, म्हणाली, नाही गं, मिरचीचा ठसका आहे, आबा कधी रडतात का?

तर पोरीने हातातली पोळी खाली ठेवली. म्हणते, ‘रोते. पहले रोये. मोटरपाशी.’

मामी म्हणाली, कधी गं? मला नाही माहीत. तिला सवय लागलीय तसं विचारायची. पोरगी विचार करून करून एकेक काढत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, मला एकूण एक शब्द कळला. ‘धम्मा आत्या आली. सब चाय पीत होते. आबा मोटरपाशी गेले. आबा खूप रोये. मी गई. आबा बोले, किसीको नई बोलना. मी नाय बोलली.’

फेब्रुवारीतलं, धम्मा! तुला मी लिहिलं होतं मोटर पाहून आलो, मी ठीक आहे. कुठला ठीक. पाइपावर बसून ढसाढसा रडलो होतो. ही मागून येऊन उभी राहिली. मी तिला म्हणालो, कोणाला सांगू नकोस. आणि खरं सांगतो, ती आलेली दिसल्यावरही मी रडणं थांबवलं नाही, ते याच भरवशावर, की ही कोणाला सांगूच शकत नाही. एवढे महिने ते पूर्ण तिच्याजवळ होतं. तेव्हा शब्द नव्हते म्हणून थांबली का मी नको म्हणालो म्हणून, ते मला कळत नाही. तुला कळलं तर सांग.

रत्नपाल उठून बाहेर गेला. शिखा पदराने डोळे पुसायला लागली, मिरची मिरची म्हणत. मामीने गॅस बंद केला. मी म्हटलं, हो, रडलो होतो.

संबोधीने विचारलं, ‘क्यूं रोये?’

मी म्हटलं, बेटा, तुला काही झालं तर तुला सांगता येणार नाही, म्हणून रडलो.

‘सांगितलं ना,’ ती म्हणाली, आणि पोळी उचलून जेवायला लागली.

तुझा,
चांगदेव मामा